कोदोकान ज्युदो: मॅटवरून उतरल्यावर उघडायचे पुस्तक

पुस्तक वाचून ज्युदो येत नाही. पण तासभर घाम गाळूनही काही शंका मॅटवर सुटत नाहीत. उचि-माता आणि हाने-गोशी दिसायला इतके सारखे, मग पहिला डाव पायाचा आणि दुसरा कमरेचा का? अशा शंकांसाठी ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या नावावरचे ‘कोदोकान ज्युदो’ हाताशी असावे. कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदो शिकवणारी संस्था काढली आणि १९३८ मध्ये ते वारले; ही इंग्रजी आवृत्ती मात्र १९८६ ची आहे. म्हणजे सगळा मजकूर त्यांच्या हातचा नाही, त्यात संस्थेचीही भर आहे.

सर्वांत कामाचा भाग फेकींचा. एकेक डाव छायाचित्रांच्या मालिकेत उलगडतो. पहिल्या वाचनात फक्त तोरीचे, म्हणजे फेकणाऱ्याचे, पाय बघा, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात उकेचा, म्हणजे फेकल्या जाणाऱ्याचा, तोल कुठल्या कोपऱ्याकडे गेला ते. ओसोतो-गारीच घ्या; यात उकेचा पाय बाहेरच्या बाजूने मागून छाटून त्याला मागे पाडतात. नवशिक्याचा टेकलेला पाय उकेच्या पायाच्या बराच मागे राहतो, मग तो लांबूनच पाय मारतो आणि त्याचे स्वतःचे वजन मागे जाते. समोरच्याला ओसोतो-गाएशीने, म्हणजे याच डावाच्या पलटवाराने, उलटवायला आयती संधी! पाय कुठवर न्यायचा आणि छाती कुठे भिडवायची, हे चित्रात थांबून बघता येते. सरावाच्या घाईत ते निसटते.

वेळ साधणे मात्र चित्रातून कळत नाही. दे-आशी-बाराईत उकेचे वजन पुढच्या पावलावर येऊ लागते, पण पुरते बसलेले नसते, त्या क्षणी पाऊल झाडायचे असते. उशीर झाला की नुसती घोट्यावर लाथ बसते. हे जोडीदाराबरोबर चालत चालतच जमते. गोक्यो या कोदोकानच्या फेकींच्या यादीच्या पाच गटांत प्रत्येकी आठ, असे चाळीस डाव आहेत आणि पहिल्या गटात पहिला हाच. म्हणून त्या क्रमाने शिकायला बसू नये; ओ-गोशी हा कमरेचा डाव आधी हाती लागतो. आणि उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याची पद्धत, पक्की होईपर्यंत ही पाने चाळण्यापुरतीच. हनुवटी छातीला न लावता ओसोतो-गारीत पडलात, तर डोके मागे आपटते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी एक खूणगाठ बांधावी. काता-गुरुमा आणि सुकुइ-नागे जुन्या पद्धतीने मारताना हात थेट पायाला जातो. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने २०१० पासून अशा पकडीवर बंधने आणली आणि २०१३ मध्ये ती आणखी आवळली. गंमत म्हणजे नागे-नो-कातात, म्हणजे जोडीने ठरावीक क्रमाने करायच्या फेकींच्या काता प्रकारात, हाच काता-गुरुमा पायाला हात घालूनच करायचा असतो. पुस्तक याबद्दल काही सांगणार नाही, ते नियमांच्या आधीचे आहे. नियमांसाठी महासंघाची ताजी नियमावलीच बघावी.

काताची प्रकरणे सुरुवातीला रूक्ष वाटतील. नागे-नो-काताचे पंधरा डाव तेवढे वाचा. प्रत्येक डाव उजवा आणि डावा असा दोन्हीकडून करायचा असल्याने डावखुऱ्यांचीही सोय होते. कोशिकी-नो-काता हा प्राचीन डावांचा काता खुशाल पुढे ढकला. शुद्धीवर आणण्याच्या पद्धती दिल्या आहेत, त्या वाचून कुणावर अजमावू नका.

कानोंचा विचार हवा असेल तर २००५ चे ‘माइंड ओव्हर मसल’ हे त्यांच्या लेखनाचे संकलन घ्या. सेइर्योकु-झेन्यो, म्हणजे शक्तीचा उत्तम वापर, ही घोषणा नसून प्रत्येक डावाची कसोटी आहे, हे तिथे नीट उमगते. काही मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, तिथे पाने उलटावीत.

निव्वळ करमणुकीसाठी त्सुनेओ तोमिता यांची ‘सुगाता सान्शिरो’. लेखकाचे वडील कानोंचे अगदी सुरुवातीचे शिष्य, आणि नायकामागे यामा-आराशी या डावासाठी नावाजलेले शिरो साइगो आहेत. कादंबरी १९४२ ची. दुसऱ्याच वर्षी अकिरा कुरोसावांनी तिच्यावर आपला पहिला चित्रपट केला. यामा-आराशी मात्र चाळिसांच्या यादीत शोधू नका. १९२० च्या फेररचनेत तो गोक्योबाहेर गेला.