वार बघूनच पैसे भरावेत : ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील एका सहलसेवेविषयी

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाहून मी आणि सौ. नागपूरच्या एका सहल कंपनीमार्फत ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ माया प्रदेशात आठ दिवस राहून आलो. राहण्याची व्यवस्था स्वच्छ होती, गाड्या वेळेवर आल्या, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती नियोजनाची.

चिचिकास्तेनांगोचा प्रसिद्ध बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. आम्हाला तेथे मंगळवारी नेण्यात आले. ज्याला आठवडी बाजाराची सवय आहे, त्याला बाजाराचा वार चुकणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. सान्तो तोमास चर्चच्या अठरा पायऱ्यांवर कोपाल नावाच्या राळेचा धूप मात्र त्या दिवशीही जळत होता. ‘पोपोल वुह’ हा किचे या माया लोकांचा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी याच गावी एका स्पॅनिश धर्मगुरूने उतरवून घेतला आणि त्यात माणूस मक्याच्या पिठापासून घडवला गेला आहे, ही माहिती आमच्या किचे वाटाड्याने तेथेच दिली. रोजच्या जेवणातली, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची तोर्तिया त्यानंतर मी जरा आदराने खाऊ लागलो. (शाकाहारी माणसाचे तोर्तिया आणि काळ्या घेवड्यावर निभते, पण तिसऱ्या दिवशी ठेच्याची आठवण येतेच.)

सहलीचे सगळे पैसे वसूल झाले ते अतितलान सरोवराकाठच्या सान हुआन ला लागुना या, त्सुतुहिल माया लोकांच्या गावात. तेथे विणकर बाईंनी आधी कापूस काठ्यांनी झोडपला, मग टकळीसारख्या चातीवर सूत काढले. मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधलेले असते; बाई मागे रेलल्या की उभे धागे ताणले जातात, पुढे झुकल्या की सैल होतात, म्हणजे अंगच मागाचा भाग होते. टोपलीत तपकिरी बोंडे होती, न रंगवलेली, मुळातच त्या रंगाची. आपण शेतात जो अमेरिकन कापूस लावतो, त्या जातीची लागवड प्रथम मेक्सिको-ग्वाटेमालाच्या टापूतच सुरू झाली, आपला म्हणावा तो गावरानी वेगळा. त्यामुळे कपाशीचे शेत असलेल्या माणसाला त्या टोपलीपाशी बराच वेळ उभे राहावेसे वाटले. कार्यक्रमपत्रिकेत या गावाला अवघा दीड तास दिला होता, तो वाटाड्याने स्वतःच्या हिमतीवर वाढवून दिला.

परतीची नाव मात्र दुपारी चारची होती. दुपारनंतर सरोवरावर शोकोमिल नावाचा वारा सुटतो, हे तेथील प्रत्येक नावाड्याला ठाऊक आहे; त्या वाऱ्याने उसळलेल्या पाण्यामुळे सौ.ची पिशवी आणि त्यातले नुकतेच घेतलेले तपकिरी सुताचे कापड सरोवराकाठच्याच पानाहाचेल गावी पोहोचेपर्यंत चिंब झाले होते.

वाटाड्याला पाचपैकी पाच गुण, कंपनीला अडीच. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी चिचिकास्तेनांगोचा वार आणि सरोवरातील नावेची वेळ सकाळचीच आहे ना, हे लेखी घ्यावे.