फेटचं सशांचं सिम्युलेशन : मस्तच आहे, फक्त त्या म्युटेशनच्या बटणाकडे लक्ष ठेवा

उत्क्रांती शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, पोरांच्या डोक्यात तो जिराफ ठाण मांडून बसलेला असतो. पाला उंचावर होता म्हणून मान ताणली, ताणून ताणून लांब झाली, मग पिल्लांनाही लांबच मिळाली. कितीही समजावलं तरी पेपरात पुन्हा तेच. त्यावर उतारा म्हणून मी फेटचं 'नॅचरल सिलेक्शन' (नैसर्गिक निवड) हे सिम्युलेशन वापरते. फेट म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, भौतिकशास्त्राचे नोबेलवाले कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला. सगळं फुकट, ब्राउजरमध्ये चालतं, लॉगिनची कटकट नाही.

स्क्रीनवर एक पांढरा ससा असतो, त्याला जोडीदार द्यायचा, हवं तर म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, टाकायचं (तपकिरी केस, लोंबते कान, लांब दात) आणि मग लांडगे सोडायचे नाहीतर चारा कमी करायचा. काहीच आडकाठी घातली नाही तर ससे इतके वाढतात की त्यांनी जग व्यापलं असा मेसेज येतो, त्यावर वर्ग हमखास हसतो.

खरी मजा वाळवंटात. तपकिरी जमिनीवर एक पांढरा ससा निवडायचा आणि पोरांना सांगायचं, फक्त याच्यावर नजर ठेवा. लांडगे येतात, तो पांढराच राहतो, घाबरून तपकिरी वगैरे होत नाही, आणि एकदा कधीतरी गायब होतो. तिकडे ग्राफमध्ये मात्र तपकिरीची रेघ पिढीगणिक वर चढत असते. एकटा प्राणी बदलत नाही, कळपातलं प्रमाण बदलतं हे तास तास बोलून जे होत नाही ते इथे दोन मिनिटांत दिसतं. 'जो ताकदवान तो टिकतो' याचाही परस्पर निकाल लागतो, कारण इथे टिकणारा ससा बलदंड नाही, नुसता जमिनीच्या रंगाचा आहे म्हणून वाचला आणि पिल्लं मागे ठेवून गेला.

लोंबत्या कानांचा तर काहीच उपयोग नाही, तोटाही नाही. हे मुद्दाम ठेवलंय आणि मला भारी आवडतं, कारण प्रत्येक अवयव कशासाठी तरी 'बनवलेला' असणारच असं पोरं धरूनच चालतात.

आता तक्रार. म्युटेशन आपण बटण दाबून आणतो ना, तिथेच गोची आहे. पोरगं आधी लांडगे सोडणार, ससे मरायला लागले की घाईघाईने तपकिरी केसांचं बटण दाबणार, पुढच्या पिढीत तपकिरी ससा हजर! म्हणजे संकट आलं, गरज पडली, म्युटेशन आलं. ज्या गैरसमजाला पुढच्या दाराने हाकललं तोच मागच्या दाराने आत. खरं तर लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 मध्येच जीवाणूंवर दाखवून दिलं होतं की विषाणूला दाद न देणारी म्युटेशन्स विषाणूशी गाठ पडायच्या आधीच झालेली असतात. औषधाची 'सवय झाली' म्हणून जंतू मरत नाहीत असं सगळेच बोलतात, त्यातली चूकही हीच. आपोआप, कधीही, कुठलंही म्युटेशन येईल असा एक मोड हवा होता राव.

तोपर्यंत जुगाड असा की बटण लांडग्यांच्या आधी दाबायला लावायचं, आणि नंतर तेच तपकिरी म्युटेशन बर्फात टाकायचं. तिथे तपकिरी ससे लांबूनच उठून दिसतात आणि पटापट खपतात, म्हणजे नको असलेलंही म्युटेशन येऊ शकतं. आधी अंदाज वहीत लिहून घ्या, नाहीतर नंतर सगळे म्हणतात आम्हाला माहीतच होतं. आणि म्युटेशन रिसेसिव्ह (अप्रभावी) निवडलं तर नवा रंग लगेच दिसत नाही, दोन्ही पालकांकडून तो जीन यावा लागतो, तेव्हा बिघडलंय समजून रिसेट मारू नका.

5 पैकी 4. घरी एकट्याने खेळायला दिलं तर 3, कारण बटणाचा घोळ समजवायला शेजारी कोणीतरी पाहिजेच. आणि 'माकडापासून माणूस झाला तर आता माकडं का उरली' हा प्रश्न यातून सुटेल या आशेवर राहू नका. माणूस आणि चिंपांझी यांचा सामाईक पूर्वज लाखो वर्षांपूर्वी होऊन गेला, आजचं माकड आपलं चुलत भावंड आहे, आजोबा नाही, हे सांगायला फळ्यावर वंशवृक्षच काढावा लागतो.