मारुतीची जुनी ओम्नी व्हॅन की फोर्सची जुनी ट्रॅव्हलर मिनीबस?

कुटुंबासह चिखलदरा, नवेगावबांध किंवा लोणारला मुक्कामी जायला जुनी गाडी घेऊन तिच्यातच झोपायची सोय करायची, तर गाडीत आधी उंची बघा. उंच छताच्या ट्रॅव्हलरमध्ये माणूस ताठ उभा राहतो. मागच्या सीट काढल्या की आडवा पलंग, त्याखाली भांड्यांचे खण आणि पाण्याची टाकी सहज मावते. ओम्नीत दोघं आत, बाकीचे तंबूत. पण तिचं ७९६ सीसीचं पेट्रोल इंजिन गावचा मिस्त्रीही खोलतो, आणि पांदण रस्त्यावर ती सहज वळते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यानं उन्हाळ्यात चटके बसतात, हे खरं. तसंही ४५ अंशांत कोणत्याच पत्र्याच्या गाडीत झोप लागत नाही. आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

सीट काढून गाडीचं रूप बदलायचं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. ती आधी घ्या, कटर नंतर चालवा. ट्रॅव्हलर प्रवासी परवान्याची असेल तर खासगी नोंदणीचं कामही वाढतं.

सोबत म्हातारी आई आणि लेकरं असतील तर मी ट्रॅव्हलरच सांगेन. नवरा-बायको नि एक लहान लेकरू, तर ओम्नी पुरे. स्वयंपाक मात्र दोन्हींत गाडीबाहेरच करा; दार लावून आत शेगडी पेटवणं जिवावर बेततं.