सागवान की बांबू: घरात लाकडी जमीन करायची असेल तर

परवा एका जोडप्यासमोर मी पाण्याच्या बादलीत दोन तुकडे टाकले. सागवानाचा तुकडा तरंगत राहिला, बांबूच्या फळीचा तुकडा सरळ तळाशी गेला. "हा बांबू आहे?" असं त्या बाईंनी मला दोनदा विचारलं. त्यांचं आश्चर्य मला समजतं. बांबू म्हटलं की आपल्याला सूप, रोवळी, मांडवाचे वासे, इमारतीला बांधलेली परांची आठवते. पोकळ आणि हलकं, दोन-चार वर्षांत बदलायचं काहीतरी. तळाशी गेलेला तुकडाही बांबूचाच होता. फक्त त्याचे धागे चेचून, राळेत भिजवून, उष्णता आणि प्रचंड दाब देऊन त्याची फळी केलेली होती.

मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते. लाकडी जमीन हवी म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: अस्सल सागवान घ्यावं, की बांबूवर भागेल? माझं म्हणणं असं की या प्रश्नातल्या "भागेल" या शब्दापाशीच गडबड होते. बांबू ही सागाची स्वस्त नक्कल नाही. काही बाबतींत तो सागापेक्षा सरस आहे, काही बाबतींत सागाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि कुठला बांबू यावर तर सगळंच अवलंबून आहे.

दुकानात "बांबू" म्हणून तीन वेगळ्या वस्तू विकतात

पहिली आडव्या कामट्यांची फळी. बांबू चिरून, वरची गुळगुळीत साल तासून, पट्ट्या सपाट ठेवून एकमेकींना चिकटवलेल्या असतात. वरून पाहिलं की गाठी स्पष्ट दिसतात, त्यामुळे पाहताक्षणी बांबू ओळखू येतो. दुसरी उभ्या कामट्यांची. पट्ट्या कडेवर उभ्या करून चिकटवल्यामुळे बारीक रेघा दिसतात, गाठी फारशा जाणवत नाहीत. तिसरी ती बादलीत बुडालेली. तिला सगळीकडे स्ट्रँड वोव्हन म्हणतात, आणि दुकानदारही हाच शब्द वापरतात.

पहिल्या दोन प्रकारांत आणि तिसऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाकडाचा कठीणपणा मोजायला जांका नावाची कसोटी वापरतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, तो आकडा म्हणजे जांका. परदेशात फ्लोअरिंगसाठी मापदंड मानलेल्या रेड ओकचा आकडा १२९० पौंड आहे. सागवान त्याच्या खाली, साधारण हजार ते साडेअकराशेच्या आसपास. साध्या कामट्यांचा बांबू रेड ओकच्या जवळपास येतो. स्ट्रँड वोव्हन मात्र तीन हजारांच्या घरात जातो.

यात एक पोटभेद ध्यानात ठेवा. कॉफीसारख्या तपकिरी रंगाचा जो बांबू मिळतो, त्याला बहुतेक वेळा वरून रंग दिलेला नसतो. कामट्या दाबाखाली वाफवल्या की त्यांतली साखर करपते आणि रंग आतपर्यंत उतरतो. दिसायला तो देखणा असतो, पण वाफवल्यामुळे तोच बांबू नरम पडतो. कामट्यांच्या फळीत गडद रंग हवा असेल, तर कठीणपणा थोडा सोडावा लागतो.

कठीणपणाचा घरात अर्थ काय, ते मी बत्त्याने दाखवते. खलबत्त्याचा पितळी बत्ता कमरेइतक्या उंचीवरून सागाच्या फळीवर सोडला तर करंगळीचं टोक बसेल एवढा खळगा पडतो. स्ट्रँड वोव्हनवर तो उडतो, फार तर एक पुसट ठसा राहतो. पण याच प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेलपाणी केलेल्या सागावरचा खळगा ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली की बराचसा वर येतो, कारण लाकडाचे दबलेले धागे पाणी पिऊन फुगतात. स्ट्रँड वोव्हन दबत नाही, पण घाव कडेवर बसला तर त्याची ढलपी निघते. ती ढलपी परत बसत नाही. तिथे रंग मिळवून मेण भरायचं, नाहीतर अख्खी फळी बदलायची.

पाणी आणि हवेतला ओलावा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या लाकडी जमिनी झिजून कमी आणि ओलाव्याने जास्त मरतात.

चिपळूणजवळच्या एका घरातली माडी मला विसरता येत नाही. घरमालकांनी आडव्या कामट्यांचा बांबू घेतला होता. पुरवठादाराच्या माणसांनी मे महिन्याच्या शेवटी येऊन दोन दिवसांत काम उरकलं. खोकी ट्रकमधून उतरली आणि त्याच दुपारी फोडली गेली. फळ्या भिंतीला घट्ट भिडवल्या होत्या, फट दिसू नये म्हणून. मला गौरी-गणपतीच्या आधी बोलावलं. खोलीच्या मधोमध दोन फळ्या एकमेकींना रेटून छपराच्या आढ्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या. उरलेल्या फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खाली, ओळीने पन्हळी अंथरल्यासारख्या. त्या घरातल्या आजी काठी टेकत चालायच्या, आणि काठीचं टोक प्रत्येक फटीत अडकत होतं. शेवटी सगळी जमीन उखडावी लागली.

दोष बांबूचा नव्हता. लाकूड असो की बांबू, हवेतला ओलावा घेऊन रुंदीत फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. म्हणून भिंतीकडे सगळीकडून १० ते १२ मिलिमीटर जागा सोडायची असते. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, कुणाला दिसत नाही. खोकी घरात आणून, उघडून, फळ्यांना त्या हवेची सवय होऊ द्यायची असते. सागाला आठवडाभर पुरतो. स्ट्रँड वोव्हन इतका दाट असतो की ओलावा त्याच्यात फार हळू शिरतो आणि हळूच बाहेर पडतो. त्याला दोन-तीन आठवडे द्यावेत.

पण काम नीट झालं तरी साग इथे पुढेच राहतो. हे मी बांबूची बाजू घेणारी असूनही म्हणते. वाळताना साग फार कमी आक्रसतो, व्हाइट ओकच्या जवळपास निम्मा. शिवाय त्याच्यात स्वतःचं तेल असतं. होड्या आणि जहाजांचे डेक सागाचे करायचे ते उगाच नाही. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवा ओलीचिंब असते, विदर्भात एप्रिल-मेमध्ये ती खडखडीत कोरडी होते. अशा टोकाच्या हवेत मी उंबरठ्याजवळ, खिडकीखाली, पावसाची झड येते तिथे बांबू घालत नाही. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरात तर दोन्ही नकोत, तिथे लादीच बरी.

भुंगा आणि वाळवी

बांबूच्या पोटात पिठूळ अंश भरपूर असतो आणि भुंग्याला तोच आवडतो. आपल्या बुरुडांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू ते हाती धरत नाहीत. फ्लोअरिंगचा बांबू बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणातून काढलेला असावा लागतो, किंवा नीट वाफवलेला तरी. फळीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर समजावं की हे काम नीट झालेलं नाही.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. मात्र "गाभ्याला" हा शब्द महत्त्वाचा. खोडाच्या बाहेरच्या फिकट, पांढुरक्या लाकडाला ती खुशाल लागते. शेताच्या बांधावर वाढवून वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या सागात हा पांढरा भाग फार असतो. सीपी टीक म्हणून जो माल बाजारात मिळतो, त्याचं नाव जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून, म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या आणि मध्य प्रदेशच्या जंगलांवरून पडलं. पण नावावर भरवसा ठेवू नका. फळी उलटून कडा पाहा. पांढरा पट्टा दिसला तर ती फळी बाजूला काढा.

पर्यावरणाच्या नावाखाली

बांबू हे गवत आहे. कोंब काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, चार-सहा वर्षांत काठी पक्व होते, आणि तोडली तरी बेट जिवंत राहतं. वनखात्याचा साग तोडणीला यायला साठ वर्षं आणि त्याहूनही अधिक लागतात. कायद्यातही फरक आहे. स्वतःच्या जमिनीतला साग तोडायलाही महाराष्ट्रात वनखात्याची परवानगी लागते. जंगलाबाहेर लावलेला बांबू मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात "झाड" राहिलेला नाही.

इथवर बांबू जिंकतो. पण दुकानातल्या फ्लोअरिंगचा मोठा भाग चीनमधल्या मोसो जातीच्या बांबूचा असतो आणि तो जहाजाने येतो. स्ट्रँड वोव्हनमध्ये राळही बरीच असते. चिकटवायला फॉर्मल्डिहाइड असलेली राळ वापरतात, आणि माल हलक्या दर्जाचा असेल तर तिचा वास बंद खोलीत महिनोन्‌महिने जात नाही, डोळे चुरचुरतात. लहान बाळाच्या किंवा दमेकऱ्याच्या खोलीसाठी ई-झिरो किंवा किमान ई-वन दर्जाचं (म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सुटतो याचं) प्रमाणपत्र लेखी मागा. तोंडी आश्वासन चालवून घेऊ नका. अस्सल सागाच्या भरीव फळीत हा प्रश्नच येत नाही, तिथे पॉलिश तेवढं पाहायचं.

आपल्याकडे बांबू काही कमी नाही. सिंधुदुर्गात माणगा आहे, गडचिरोलीत मानवेल आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने २०११ पासून आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकला. आणि २०२३ मध्ये उघडलेल्या संसदेच्या नव्या इमारतीत सागवान नागपूरहून गेलं, तर बांबूची जमीन त्रिपुरातून आली. भारतातला बांबू पायाखाली घालण्याच्या लायकीचा आहे, याला आणखी कुठला दाखला हवा? म्हणून देशी माल मिळत असेल तर मी थोडे जास्त पैसे मोजूनही तोच सुचवते.

पैसा आणि आयुष्य

भरीव सागवान बांबूपेक्षा बरंच महाग पडतं, यात वाद नाही. दर विचारताना अंडरले (फळ्यांखाली अंथरायचा थर), स्कर्टिंग, मजुरी आणि दहा टक्के कापकूप धरून विचारा. १२० चौरस फुटांच्या खोलीला १३२ चौरस फूट माल लागतो, आणि दोन-तीन फळ्या पुढच्या दुरुस्तीसाठी माळ्यावर ठेवायला हव्यात.

हिशेब मात्र वर्षांचा करा. अठरा-वीस मिलिमीटरची सागाची भरीव फळी आयुष्यात चार-पाच वेळा घासून नवी करता येते. स्ट्रँड वोव्हनची फळी एकदा, फार तर दोनदा. तीही अनुभवी माणसाकडूनच, कारण बांबूत सिलिका असते आणि ती पाती नि पॉलिशपेपर भराभर बोथट करते. वर पातळ सागाचा थर आणि खाली प्लाय असलेली जी इंजिनिअर्ड फळी "सागवान" म्हणून विकतात, तिचा वरचा थर दोन मिलिमीटरांहून कमी असेल तर ती घासताच येत नाही. तेवढ्या पैशांत चांगला स्ट्रँड वोव्हन कधीही उजवा.

तिसरी वाटही सांगते, कारण ती मला सगळ्यांत प्रिय आहे. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास चौकशी केली तर तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या मिळतात. हे लाकूड कित्येक पावसाळे बघून स्थिरावलेलं असतं. रंध्यावर घालण्याआधी प्रत्येक फळीतले जुने खिळे शोधून काढावे लागतात, त्यात मजुरी जाते. पण पहिल्यांदा रंधा फिरतो तेव्हा काळ्या पापुद्र्याखालून जो मधासारखा रंग वर येतो आणि जो वास सुटतो, त्यासाठी मी तासन्‌तास सुताराशेजारी बसले आहे.

मी काय घालीन

शहरातल्या फ्लॅटची झोपायची खोली, मुलांची धावपळ, घरात कुत्रा, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बदल करायची तयारी: स्ट्रँड वोव्हन, नैसर्गिक रंगाचा. आडव्या-उभ्या कामट्यांचा बांबू दिसायला जास्त गोड आहे, पण तो पाहुण्यांच्या खोलीत किंवा देवघरात, जिथे वर्दळ कमी. कोकणातलं घर, माडी, पडवीला लागून असलेली खोली: साग, आणि शक्यतो जुना. भाड्याने द्यायच्या घरात दोन्ही नकोत. घर पुढच्या पिढीकडे जाणार असेल आणि पैशांची ओढाताण नसेल, तर मी सागच घालीन.

काहीही ठरवलंत तरी ऑर्डर देण्याआधी एक काम करा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिक खोलीच्या कोब्यावर किंवा स्लॅबवर पसरून चारी कडा टेपने बंद करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला असेल, तर जमीन अजून ओली आहे. आगाऊ रक्कम देऊ नका, आणखी महिनाभर पंखे चालू ठेवा, आणि मग तोच तुकडा पुन्हा चिकटवून पाहा.