वेट लॉस सर्जरीनंतर रेझिस्टन्स बँड घ्यावेत का, आणि कुठले?

वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्यांसाठी लिहितेय, आणि ज्यांचं व्हायचंय त्यांच्यासाठीही. रेझिस्टन्स बँडचे, म्हणजे ताणून व्यायाम करायच्या रबरी पट्ट्यांचे, रिव्ह्यू ढीगभर सापडतात पण ते सगळे धडधाकट जिमवाल्या लोकांनी लिहिलेले असतात, पोटावर ताजे टाके आहेत, चार घास खाल्ले की पोट भरतं, थोडं काम केलं की अंग गळून जातं अशा माणसाला यातलं काय झेपेल हे त्यात कुठेच नसतं. माझी स्लीव्ह झालीये, म्हणजे पोटाचा (जठराचा) मोठा भाग काढून अरुंद नळीएवढा ठेवायचं ऑपरेशन, त्याला वर्ष उलटून गेलं, आणि या काळात तिन्ही प्रकार वापरून झाले, म्हणजे लांब सपाट पट्टा, मांड्यांत अडकवायचा लूप आणि दोन्हीकडे हँडल असलेली रबरी नळी. तिन्हींचं काय आवडलं काय नाही ते सांगते.

पण त्याआधी बँड लागतातच कशाला, चालणं पुरत नाही का, हा प्रश्न येणारच कारण मलाही घरच्यांनी हाच विचारला होता. चालणं हवंच, त्याला दुसरा पर्याय नाही. ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नर्स उठवून चालायला लावतात ते पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत आणि त्या फुफ्फुसात जाऊ नयेत म्हणून, आणि पुढेही आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल इतपत चालणं डॉक्टर सांगतातच. पण वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही हो, साधारण पाव भाग चरबी सोडून बाकीचा असतो आणि त्यात स्नायू येतात, आणि हे सगळ्यात जोरात होतं ते पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा काटा भराभर खाली येतो आणि सगळे कौतुक करत असतात. त्याच काळात जिना चढताना मांड्या भरून येतात, डबा उघडताना मनगटात जोर नसतो, खुर्चीतून उठताना आपोआप हाताचा आधार घेतला जातो. स्नायू कमी झाले की बसल्याजागी शरीराला लागणारी ऊर्जाही कमी होते, मग पुढे वजन टिकवायला जड जातं. चालण्याने दम वाढतो पण दंड, खांदे, पाठ यांना त्यातून काही मिळत नाही, त्यांना कशाच्या तरी विरुद्ध जोर लावावाच लागतो. म्हणून बँड.

डंबेल का नाही? सुरुवातीला ते चालतच नाहीत. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तरी पोटाच्या भिंतीला भोकं पडलेली असतात, ती आतून नीट भरायला वेळ लागतो आणि त्याआधी जड उचललं तर त्या जागी हर्निया होऊ शकतो. म्हणून बहुतेक सर्जन 4 ते 6 आठवडे वजन उचलू देत नाहीत, कोणाचं सोबत हर्नियाचंही काम झालं असेल किंवा पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर त्याहून जास्त. आणि कृपया हे लक्षात घ्या की बँड हलका दिसतो पण ओढताना पोट आवळलं जातंच, तेव्हा रबरच तर आहे म्हणून डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. मला परवानगी मिळाली ती आधी फक्त हातांच्या, बसून करायच्या व्यायामाला, पोटाचे व्यायाम खूप नंतर.

आता सपाट पट्टा. मनापासून सांगते, एकच काही घ्यायचं असेल तर हाच घ्या. हाच तो जो फिजिओथेरपीत वापरतात, रुंद, पातळ, साधारण दीड ते दोन मीटर लांब. याचा मोठा फायदा म्हणजे जोर हाताच्या पकडीवर ठरतो, दमलात तर लांबून धरा, बरं वाटतंय तर जवळून धरा, वजन बदलत बसायला नको, आणि हातातून सुटून पायावर पडायची भीती नाही. ऑपरेशननंतर रोजचा दिवस सारखा नसतो ना, आज ताकद आहे उद्या नाही, त्या दृष्टीने हे फारच सोयीचं पडतं. खुर्चीत ताठ बसून पाय पुढे करायचे, पट्टा तळव्यांवरून घ्यायचा आणि दोन्ही कोपरं मागे नेत ओढायचं, हा पाठीचा व्यायाम मी सगळ्यात आधी सुरू केला आणि आजही करते. पाठीमागून पट्टा घेऊन दोन्ही हात पुढे ढकलायचे, हा छातीचा. पट्टा छातीसमोर धरून दोन्ही बाजूंना फाकवायचा, हा खांद्यांच्या मागच्या भागाचा, वर्षानुवर्षं पुढे झुकून चालायची सवय असते आपल्याला, ती याने सुटायला मदत होते. ताण घेताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही, कारण श्वास कोंडला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि टाक्यांपाशी ओढ लागते.

रंगांचा घोळ मात्र आहे. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, एकीचा हिरवा दुसरीच्या निळ्याइतका असू शकतो, त्यामुळे मैत्रिणीने लाल घेतला म्हणून आपणही लाल घ्यायचा असं करू नका. फिजिओकडे बऱ्याचदा दिसतात ते थेराबँड, त्यांचा क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, सिल्व्हर, गोल्ड असा चढत जातो, पिवळा मूळ लांबीच्या दुप्पट ताणला तर साधारण सव्वा किलोच्या थोडा वर जोर लागतो आणि काळ्याला तीन किलोच्या वर. पिवळा किंवा लाल सुरुवातीला पुरे. आणि बँडचा स्वभाव असा की जितका ताणाल तितका जड होतो, म्हणजे हालचालीच्या सुरुवातीला हलका आणि शेवटी जड, त्यामुळे परत येताना झटकन सोडून देऊ नका, सावकाश या, निम्मा व्यायाम त्या परत येण्यातच आहे.

लूपचं मात्र माझं मत तितकं चांगलं नाही, निदान पातळ रबराच्या लूपचं. मांड्यांवर चढवून बाजूला पावलं टाकायची, आडवं पडून गुडघा उघडायचा, हे व्यायाम उत्तम आहेत, कंबरेच्या बाजूचे स्नायू चालताना तोल सांभाळतात आणि गुडघ्यालाही त्यांचा आधार असतो. पण वजन उतरल्यावर मांडीची कातडी सैल पडलेली असते, रबर गुंडाळी होऊन वर सरकतं, कातडी चिमटीत सापडते, घाम आला की घासून लाल होतं आणि तिथे पुरळ उठतं. हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. कापडी रुंद लूप मिळतात, आत रबराच्या रेषा असतात, ते सरकत नाहीत, घ्यायचेच तर तेच घ्या आणि लांब पायांची घट्ट पँट घालून त्यावरून वापरा. एक अडचण आहे, कापडी लूप मापाचे असतात आणि आपलं माप दर काही महिन्यांनी बदलतं, आज मांडीला घट्ट बसणारा पुढे ढिला होणार. माझा तसाच पडून आहे आता.

हँडलवाली नळी मला उशिरा आवडायला लागली. हातात धरायला छान, विशेषतः ज्यांच्या बोटांत पकड राहत नाही त्यांना. सोबत दारात अडकवायचा एक पट्टा येतो आणि इथे मी सगळ्यांना कळकळीने सांगेन की दार नीट तपासा. आपण ओढल्यावर दार आणखी घट्ट बंद व्हायला हवं, आपल्याकडे उघडणारं दार असेल तर ते उघडून नळी सरळ तोंडावर येते. कडी लावा, घरात कोणी त्या बाजूने दार ढकलणार नाही हे बघा. माझ्या सेटमधली जड नळी जोडाच्या जागी फाटायला लागली होती, वापरायच्या आधी रोज बोटांनी चाचपायची सवय होती म्हणून वेळीच दिसली. रबर उन्हात, उष्णतेत, तेलकट हातांनी लवकर कडक होतं आणि बारीक चिरा पडतात. चीर दिसली की बँड टाकून द्या, गाठ मारून वापरू नका. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेलेच मागा, मिळतात.

आता वस्तूपेक्षा आपल्या शरीराबद्दल, कारण चांगला बँड घेऊनही यात चुकलं तर उपयोग नाही. पाणी हा सगळ्यात मोठा प्रश्न. आधीसारखं व्यायाम झाल्यावर घटाघटा ग्लास रिकामा करता येत नाही, पोटात जागाच नसते, म्हणून दिवसभर घोट घोट आणि व्यायामाच्या मधेमधे पण घोट. लघवी गडद पिवळी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या दिवशी व्यायाम थांबवा. खेळाडूंची ती गोड पेयं बायपासवाल्यांनी (हृदयाची नव्हे, जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ती) तरी लांबच ठेवावीत, साखर एकदम आतड्यात उतरली की डम्पिंग होतं, धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब, आणि काहींना जेवणानंतर तासा-तीन तासांनी साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात, ती वेळ व्यायामाची नव्हे. बीपीच्या किंवा डायबेटिसच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल तर वजन उतरताना डोस बदलावे लागतात, व्यायाम वाढवताना डॉक्टरांच्या कानावर घालाच.

प्रोटीनचं म्हणाल तर दिवसाला 60 ते 80 ग्रॅमचं टार्गेट बहुतेक डाएटिशियन देतात, तेवढं जात नसेल तर बँड कितीही ओढा, स्नायू बांधायला माल कुठून आणणार. आणि अंग दुखलं म्हणून घरातली कुठलीही पेनकिलर घेऊ नका, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, स्लीव्हवाल्यांनीही विचारूनच घ्या. नवीन व्यायामानंतर दोन दिवस अंग ठणकणं ठीक आहे, पण टाक्यांच्या जागी टोचणं, फुगवटा दिसणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं किंवा अचानक धाप लागणं यासाठी थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. नुसता थकवा जात नसेल तर व्यायाम सोडायच्या आधी आयर्न, बी12, व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आपल्यात यांची कमतरता फार होते आणि माणूस स्वतःला आळशी समजत बसतो. कित्येक जण असं लिहितात, ते वाचून मला खरंच वाईट वाटतं.

फरक कळला कसा? काट्यावरून नाही. काटा मधे थांबतो, सगळ्यांचाच थांबतो, आणि तेव्हा जीव खाली-वर होतो. फिजिओने मला खुर्चीची टेस्ट शिकवली, हात छातीवर आडवे घेऊन 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजायचं. वजन हललं नाही त्या महिन्यातही हा आकडा वाढत गेला आणि मला धीर आला तो त्यानेच. गुडघे तर वजन उतरल्यानेच हलके होतात, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोचा भार कमी होतो असं अभ्यासात दिसलंय, पण जिना उतरताना जी भीती वाटायची ती गेली ती मांड्या भरल्यावर.

बँड कुठे कमी पडतात तेही सांगायला हवं. पायांना ते लवकर पुरेनासे होतात, मांड्या आणि कुल्हे हे मोठे स्नायू, काही महिन्यांत सगळ्यात जड बँडही सोपा वाटतो. आणि हाडं. या ऑपरेशननंतर, बायपासनंतर जास्तच, हाडांची घनता कमी होते, कॅल्शियम आणि डी सोबत हाडांवर भारही यावा लागतो, तो उभं राहून वजन उचलण्याने, जिने चढण्याने, भराभर चालण्याने येतो, बसून रबर ओढण्याने तितका नाही. म्हणून डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर मी हळूहळू डंबेलकडे गेले, हलक्यापासून, फिजिओकडून पद्धत शिकून. आठवड्यात दोन-तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती. बँड खांद्यांसाठी, वॉर्मअपसाठी आणि प्रवासात नेण्यासाठी ठेवलेत, पिशवीच्या कप्प्यात मावतात, बाहेरगावी गेलं तरी खंड पडत नाही.

पाचपैकी द्यायचे झाले तर सपाट पट्ट्याला साडेचार, अर्धा रंगांच्या गोंधळाचा कापला. हँडलवाल्या नळीला साडेतीन. कापडी लूपला तीन, पातळ रबराच्या लूपला एक आणि तोही व्यायाम चांगले आहेत म्हणून. पाच-पाच रंगांचा मोठा सेट एकदम घेऊ नका, हलके दोन घ्या, ते सोपे वाटले की पुढचा. कोणाची बायपास झाली असेल आणि बँड वापरत असाल तर तुमचा अनुभव खाली लिहा, माझा फक्त स्लीव्हचा आहे.