मस्टँगसाठी कुठला सुपरचार्जर? रूट्स, ट्विन स्क्रू की सेंट्रिफ्युगल

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, त्याचे हे तीन प्रकार. आधीच सांगून टाकतो, गाडी रोज ऑफिसला नेणार असाल तर ईटन टीव्हीएसवाला (ईटन कंपनीचा सुधारलेला रूट्स) घ्या, आणि ड्रॅग स्ट्रिपसाठीच, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या शर्यतीसाठीच, ठेवली असेल तर सेंट्रिफ्युगल. माझी 2018ची मस्टँग जीटी आहे, 5.0 कायोटी (फोर्डचं 5.0 लिटरचं व्ही8 इंजिन), तिच्यात राऊशचा टीव्हीएसवाला किट बसवलाय. इथे मिशिगनमध्येच एका मित्राच्या गाडीत व्हिपल (ट्विन स्क्रू) आहे आणि दुसऱ्याच्या गाडीत प्रोचार्जर (सेंट्रिफ्युगल), तिन्ही गाड्या हाताखालून गेल्यात म्हणून लिहितोय. ब्रोशरमधला हॉर्सपॉवरचा आकडा तिन्हींचा साधारण सारखाच दिसतो, पण गाडी चालवायला घेतली की तीन वेगळ्या गाड्या वाटतात.

टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकला लावलेल्या बेल्टवर, त्यामुळे लॅग नाही, म्हणजे पाय दाबल्यावर वाट बघावी लागत नाही, पण ताकद द्यायच्या आधी हा इंजिनाचीच थोडी खातो. थोडी म्हणजे किती, तर डॉजच्या हेलकॅटचा ब्लोअर (सुपरचार्जरच) फुल थ्रॉटलला सुमारे 80 हॉर्सपॉवर खातो हे डॉजनेच सांगितलेलं. 1.0वाल्या वॅगन आरचं आख्खं इंजिन तेवढं करत नाही!

रूट्स सगळ्यात जुना. 1860 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानातल्या रूट्स बंधूंनी पेटंट घेतलं, तेव्हा गाड्याच नव्हत्या, भट्टीत हवा मारायला वापरायचे. यात आत हवा दाबली जातच नाही, रोटर नुसती हवा उचलून पलीकडे टाकतात, दादरला मागचे लोक पुढच्यांना डब्यात ढकलतात तसं, आणि मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) गर्दी झाली की झाला बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, तयार. जुन्या डिझाईनमध्ये तीच दाबलेली हवा थोडी उलटी रोटरमध्ये शिरायची आणि तापायची. ईटनने टीव्हीएसमध्ये रोटरच्या तीन लोबचे (पाकळ्यांचे) चार केले आणि पीळ 60 डिग्रीवरून 160 वर नेला, तिथे खरा फरक पडला. 2020च्या शेल्बी जीटी500 मध्ये हाच 2.65 लिटरचा टीव्हीएस आहे, 760 हॉर्सपॉवर. आपल्याकडे पुण्यात मागे कॉम्प्रेसर लिहिलेली जुनी मर्सिडीज सी क्लास दिसते ना, तिच्यातही ईटनचा रूट्सच, फक्त लहान आणि शांत.

चालवायला कसा? पाय ठेवला की बूस्ट हजर, अडीच हजार आरपीएमला पण. हायवेवर सहाव्या गिअरमध्ये असताना ट्रकला ओव्हरटेक करायचं तर गिअर पाडायची गरज नाही, नुसतं दाबा. तोटा म्हणजे ऑक्टोबरनंतर इथे रस्ता गार पडला की दुसऱ्या गिअरमध्ये मागची चाकं सुटतात, चांगले टायर नसतील तर सगळी पॉवर धुरात. दुसरं, सगळा डबा इंजिनाच्या डोक्यावर बसतो, दाबलेली हवा गार करणारा वॉटर इंटरकूलर त्याच्या पोटात, त्यामुळे सिग्नलला उभं राहिलं की हीट सोक, म्हणजे इंजिनाची उष्णता त्यात मुरते. मी ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा पोर्ट) इन्टेक टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, लावून ठेवतो, उन्हाळ्यात वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या ट्रॅफिकमध्ये आकडा चढत जातो आणि मग ट्यून (इंजिन कॉम्प्युटरची सेटिंग) स्पार्कचं टायमिंग मागे घेते, गाडी मठ्ठ होते, मोकळा रस्ता मिळाला की परत जागेवर.

ट्विन स्क्रूला लोक रूट्सचा भाऊ समजतात कारण वरून दोन्ही सारखेच दिसतात. पण याच्यात एक रोटर नर आणि एक मादी, हवा त्यांच्यामध्ये अडकून पुढे सरकता सरकता आतच दाबली जाते. स्वीडनच्या आल्फ लिशोल्मचं 1930च्या दशकातलं डिझाईन आहे हे. हेलकॅटमध्ये आयएचआय कंपनीचा 2.4 लिटरचा हाच, मर्सिडीजच्या जुन्या एएमजी ई55 मध्ये पण हाच. बूस्ट जास्त चढवायचा असेल तर हा रूट्सपेक्षा गार राहतो. आणि आवाज! व्हिपलवाला मित्र गल्लीत वळला की घरात कळतं, शिट्टीच ती. पण आठ-नऊ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्टवर रोजच्या वापरात मला टीव्हीएसपेक्षा वेगळं काही जाणवलं नाही खरं सांगायचं तर, पुढे पुली (बेल्टचं चाक) लहान करून बूस्ट वाढवत न्यायचा प्लॅन असेल तरच घ्या.

सेंट्रिफ्युगल म्हणजे टर्बोचाच कॉम्प्रेसर, फक्त बेल्टवर, आत गिअर लावून स्पीड वाढवलेला. कावासाकी निन्जा एच2 बाईकमध्ये इंपेलर (हवा फेकणारा पंखा) क्रँकच्या 9.2 पट फिरतो. याचा बूस्ट आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 7000 ला 8 पीएसआय असेल तर 3500 ला जेमतेम 2. त्यामुळे खाली साधी जीटीच वाटते, पाच हजारानंतर मात्र कोणीतरी मागून ढकलल्यासारखी सुटते. ड्रॅगला हेच बरं पडतं, सुटताना चाकं कमी घसरतात, शिवाय समोर मोठा एअर इंटरकूलर असल्याने रनमागून रन काढल्या तरी हवा गार. मला शहरात मजा नाही आली. पण ज्याला गाडी पूर्ण रेडलाईनपर्यंत (इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत) ताणायला आवडते त्याला बाकी दोन्ही आवडणार नाहीत.

कुठलाही घ्या, किट आठ हजार डॉलरच्या पुढेच आणि मजुरी वेगळी. कायोटीचे ऑईल पंप गिअर नाजूक, जास्त पॉवर घालणार असाल तर पुढचं कव्हर उघडलेलं असतानाच बिलेटचे (अख्ख्या धातूतून कोरलेले, मजबूत) टाकून घ्या, नंतर त्याच कामाची मजुरी परत द्यावी लागते. आणि कॅलिफोर्नियावाल्यांनो, किटला कार्बचा (तिथल्या प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरी, आहे का ते आधी बघा नाहीतर स्मॉग चेकला अडकाल, शिवाय तुमच्याकडे प्रीमियम म्हणजे 91 ऑक्टेन, आमच्याकडे 93 मिळतं, त्यामुळे ट्यून पण 91चीच मागवा.