जुनी ब्यूक की जुनी जीप?

पुतणी मिशिगनला शिकायला आली आणि विचारायला लागली, "काका, २००२ची ब्यूक लेसाबर घेऊ की १९९९ची जीप चेरोकी?" दोन्ही दीड लाख मैल पळालेल्या.

इंजिनात डावं-उजवं नाही. ब्यूकचं ३.८ लिटरचं व्ही-६, म्हणजे व्ही आकारात सहा सिलिंडरचं; जीपचं ४ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं. ऑइल वेळेवर बदललं तर दोन्ही दोन लाख मैल सहज गाठतात. ब्यूकचे कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) प्लॅस्टिकचे एल्बो, म्हणजे वाकड्या नळ्या, मात्र ठिसूळ होतात, ते आधीच बदलून घे.

जीपचा खरा वैरी गंज. तिला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. आतला गालिचा उचल, पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. टोक आत घुसलं तर ती गाडी सोड.

पेट्रोलला ब्यूक स्वस्त.

माझ्या लेसाबरच्या दाराला पोचा आहे, बॉनेटचा रंग उडालाय. पण कडाक्याच्या थंडीतही किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला ओ देते. जीव आहे माझा तिच्यावर.

तुझं रोज कॉलेज आणि हायवे असेल तर ब्यूकच घे. कच्च्या, बर्फाळ रस्त्याला राहणार असशील तर फोर-व्हील ड्राइव्हची जीप, तीही अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली, बिनगंजाची.